दहा सेकंदांचे चित्र

पहाट सरते न सरते तोच देहूरोडचा जुना मुंबई-पुणे रस्ता जागा होतो. चाकण, तळेगाव, पिंपरी येथील कारखान्यांच्या बसगाड्या सकाळच्या पाळीच्या कामगारांना घेण्यासाठी ठिकठिकाणी थांबतात. रेल्वे स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहत माणसे उभी असतात. याच सुमारास घरोघरी वृत्तपत्र येऊन पडते. वडीलधारी माणसे पहिल्या पानावरील ठळक बातम्यांकडे वळतात. मुलांची नजर मात्र आतल्या पानावरील तीन-चार लहानशा चौकटी शोधीत असते. त्या चौकटींत एखादा खोडकर मुलगा असतो, त्याची त्रासलेली आई असते, आणि शेवटच्या चौकटीत असे काही घडते की, वाचणारे मूल खुदकन हसते व दप्तर उचलून शाळेकडे धाव घेते. या साऱ्याला किती वेळ लागतो? घड्याळ लावून पाहिले तर दहा सेकंदांहून फारसा अधिक लागत नाही.

अशा चौकटींच्या हास्यचित्राला चित्रपट्टी म्हणतात. पूर्वी ती केवळ वृत्तपत्रांत व मासिकांत दिसे. आता मोबाईलच्या पडद्यावरही दिसते. जी वाचावयास दहा सेकंद पुरतात, ती तयार करावयास किती वेळ लागत असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात सहसा येत नाही. तो यावा अशी चित्रकाराचीही अपेक्षा नसते. जेवणाऱ्याने चुलीजवळच्या धुराचा विचार करीत घास घ्यावा, असे कोणत्या सुगरणीला वाटेल?

देहूरोडच्या परिसरात वेळ मोजण्याची एक पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. कारखान्यात यंत्रावर एक सुटा भाग तयार होण्यास किती सेकंद लागतात, हे मोजून ठरविलेले असते. कामगार त्याला 'सायकल टाइम' म्हणतात. त्यावरून एका पाळीत किती नग निघतील, हे आधीच फळ्यावर लिहिता येते. चित्रपट्टीचा हिशोब मात्र असा मांडता येत नाही. कारखान्यातील शंभरावा भाग अगदी पहिल्या भागासारखाच असावा लागतो; पण शंभरावी चित्रपट्टी आधीच्या नव्व्याण्णव पट्ट्यांसारखी निघाली, तर ती कोणी वाचणार नाही. त्यामुळे प्रत्येक चित्रपट्टीचे काम पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरू होते.

हे काम कसे चालते ते नीट समजावे म्हणून, देहूरोड येथे राहणाऱ्या आणि सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने चित्रपट्टी काढावयाचे मनावर घेतले आहे, असे समजू. त्याची चित्रकला बऱ्यापैकी आहे. शनिवारी संध्याकाळी तो कागद, पेन्सिल घेऊन बसतो. कागद पांढरा आहे तो पांढराच राहतो. चेहरे काढता येतात, झाडे काढता येतात. पण काढावयाचे काय? तासभर पेन्सिल चावून झाल्यावर तो उठतो. त्या तासात कागदावर एकही रेषा उमटलेली नाही. तरीसुद्धा तो तास या कामातच मोजावयास हवा. चित्रपट्टीत सर्वांत अधिक वेळ खाणारी गोष्ट हीच आहे आणि ती कोणाला दिसत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला एकाएकी एक प्रसंग आठवतो. एक मुलगा सकाळी आईबरोबर स्थानकावर आला आहे. गाडी यावयाची आहे. गाडी दहा मिनिटे उशिरा येणार असल्याची घोषणा होते. मुलगा शाळेचा डबा उघडून एक घास खातो. पुन्हा घोषणा होते. गाडीला आणखी उशीर होणार असतो. मुलगा आणखी खातो. अखेरीस गाडी येते, तेव्हा डबा रिकामा झालेला असतो. प्रसंग गमतीदार आहे. मुलाला वाटते, झाले! उद्या काढून टाकू.

परंतु खरे काम येथून पुढे आहे. रविवारी सकाळी तो प्रसंग मांडू लागतो, तेव्हा त्याच्या सहा चौकटी होतात. पट्टीत जागा चारच चौकटींना आहे. कोणत्या दोन गाळाव्यात? घरातून निघण्याची चौकट त्याला आवडलेली आहे, कारण तीत त्याने दारातले कुत्रे काढावयाचे ठरविले होते. पण गमत स्थानकावर आहे, घरात नाही. कुत्र्याला निरोप द्यावा लागतो. पुढे घोषणेचे शब्द येतात. स्थानकावर ऐकू येणारी संपूर्ण घोषणा लिहिली, तर ती एकटीच चौकट भरून टाकील. तो ती कमी करतो, आणखी कमी करतो आणि शेवटी केवळ 'दहा मिनिटे उशीर' एवढेच शब्द ठेवतो.

शेवटच्या चौकटीतील वाक्याने तर त्याची कसोटीच पाहिली. प्रथम त्याने लिहिले, 'आई, गाडीला उशीर झाल्यामुळे माझा सगळा डबा संपला आहे, आता शाळेत मी काय खाऊ?' वाक्यात चूक काही नाही. पण हसू येत नाही. डबा रिकामा आहे, हे चित्रातच दिसते. मग तो संपला असे सांगावयाचे कशाला? ते शब्द तो खोडतो. 'आता शाळेत मी काय खाऊ?' हे थोडे बरे झाले. मग तो बराच वेळ विचार करतो, एकदा मोठ्या बहिणीला विचारतो, आणि लिहितो, 'आता शाळेत जाऊन काय करू?' बहीण हसते. प्रश्नाचा रोख बदलला होता. शाळेत जावयाचे ते डबा खाण्यासाठीच, असा त्या मुलाचा ठाम समज त्यातून उघड झाला. चार शब्द बदलावयास तासभर गेला.

यानंतर हाताचे काम सुरू होते. प्रथम चौकटी आखावयाच्या. जाणता चित्रकार चित्रे काढण्यापूर्वी शब्दांची जागा निश्चित करतो, कारण पात्रांचे बोलणे ज्या फुग्यांत लिहितात, ते फुगे पुष्कळ जागा अडवितात. देवनागरी लिपीत तर याची अधिकच काळजी घ्यावी लागते. इंग्रजी मोठी अक्षरे एका उंचीत बसतात. आपल्या अक्षरांवर मात्रा व अनुस्वार चढतात आणि खाली उकार लोंबतात. म्हणून दोन ओळींत मोकळे अंतर न ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. आपल्या मुलाने हे ध्यानात घेतले नव्हते. त्याने आधी मुलाचे डोके झकास काढले आणि मग बोलण्याला जागा उरली नाही, म्हणून ते खोडून पुन्हा लहान काढले.

चार चौकटींत एकच मुलगा चार वेळा काढावयाचा म्हणजे वाटते तितके सोपे नाही. नाक पहिल्या चौकटीत जेवढे, तेवढेच चौथीत हवे. पहिल्या चौकटीत डबा डाव्या हातात असेल, तर दुसऱ्या चौकटीत तो आपोआप उजव्या हातात जाता कामा नये. स्थानकावरील घड्याळात पहिल्या चौकटीत साडेसहा वाजले असतील, तर दहा मिनिटांच्या उशिरानंतर सहा चाळीसच व्हावयास हवेत. बारीकसारीक चुका वाचक बरोबर पकडतात! शिवाय स्थानकावरचे बाक नेमके कसे असते, हे त्याला आठवेना. रोज ज्यावर बसतो ते बाक त्याने कधी पाहिलेच नव्हते. संध्याकाळी तो मुद्दाम स्थानकाजवळ जाऊन बाक पाहून आला. त्यात अर्धा तास गेला; पण तो अर्धा तास वाया गेला असे कोणी म्हणू नये. पाहण्याची सवय हे चित्रकाराचे पहिले भांडवल होय.

शेवटी पेन्सिलीच्या रेषांवर काळी शाई चढवावयाची. पेन्सिलीची रेषा पुसता येते, शाईची येत नाही. त्यामुळे येथे हात सावकाश चालतो. शाई वाळेपर्यंत थांबावे लागते. न थांबता खोडरबर फिरविला, तर तासाभराचे काम एका क्षणात काळवंडते. रविवार संपला तेव्हा मुलाची चित्रपट्टी पूर्ण झाली होती. शनिवारचा कोरा तास आणि स्थानकावरची फेरी धरून सारा मिळून आठ तासांहून अधिक वेळ लागला होता. सोमवारी वर्गातील मित्राने ती पाहिली, तो हसला आणि म्हणाला, "दुसरी कुठे आहे?"

हा प्रश्न ज्यांना रोज उठून ऐकावा लागतो, ते खरे चित्रपट्टीकार. एक चित्रपट्टी काढणे हा छंद झाला. दररोज एक काढणे ही गोष्ट निराळी आहे. तेथे वेळ हा शब्दच वेगळा अर्थ धारण करतो. मराठी वाचकांच्या घरात या कामाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून हे पात्र निर्माण केले व २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ' या दैनिकात ते प्रथम प्रसिद्ध झाले. देहूरोडपासून पुणे लोकलने पाऊण तासाच्या आत गाठता येते. म्हणजे हा मुलगा येथल्या मुलांचा जवळचा शेजारीच म्हणावयाचा. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या हे त्याचे सवंगडी आणि जोशीकाकू या त्याच्या शेजारीण महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत ओळखीच्या झाल्या. पुढे चिंटूच्या चित्रपट्ट्यांची पुस्तके निघाली आणि २०१२ साली त्याच्यावर चित्रपटही आला.

एका चित्रपट्टीवर दोन माणसे काम करतात, तेव्हा वेळ निम्मा लागतो असे कोणास वाटेल. गणितात दोन मजूर एक भिंत निम्म्या दिवसांत बांधतात खरे. पण कल्पनेची भिंत अशी वाटून घेता येत नाही. एकाला जे गमतीचे वाटते, ते दुसऱ्याला तसे वाटलेच पाहिजे असे नाही. त्यावर बोलावे लागते, काही गाळावे लागते, काही वेळा सगळेच टाकून द्यावे लागते. दोघांमुळे वेळ वाचो वा न वाचो, एक लाभ मात्र निश्चित होतो. चित्र वाचकापर्यंत जाण्यापूर्वी त्याला एक प्रामाणिक वाचक मिळालेला असतो. आपल्या सातवीतील मुलाला हा लाभ बहिणीमुळे झाला होता.

रोजच्या कामाचा दुसरा थोर आदर्श आर. के. लक्ष्मण यांचा. ते चौकटींची पट्टी काढीत नसत; त्यांची चौकट एकच असे. चौकड्यांचा कोट घातलेला, चष्मा लावलेला आणि कधीही तोंड न उघडणारा त्यांचा सामान्य माणूस 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या वाचकांना १९५१ सालापासून पुढे पाच दशकांहून अधिक काळ भेटत राहिला. लक्ष्मण सकाळी कार्यालयात येत, वृत्तपत्रे बारकाईने वाचीत आणि कल्पना सुचेपर्यंत विचार करीत बसत. दिवसाचा मोठा भाग या विचारातच जाई. रेखाटन त्यामानाने लवकर होई. त्यांच्या मार्गात आणखी एक अडचण होती. चिंटूचा विनोद आज छापला काय आणि पुढच्या आठवड्यात छापला काय, फारसे बिघडत नाही; पण लक्ष्मण यांचा विषय त्या दिवसाच्या बातमीतून आलेला असे. तो आजच सुचला पाहिजे, आजच काढून झाला पाहिजे. उद्या त्याची चव गेलेली असे. लक्ष्मण यांचे अखेरचे दिवस पुण्यातच गेले व २६ जानेवारी २०१५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. पुण्यातील सिंबायोसिस संस्थेच्या आवारात त्यांच्या सामान्य माणसाचा पुतळा २००१ साली उभारला आहे. तोही काही बोलत नाही.

शब्दांशिवाय चित्र बोलके करणे हे तर याहून अवघड काम. त्यात शि. द. फडणीस यांची योग्यता फार मोठी आहे. १९२५ साली जन्मलेल्या फडणीसांनी 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठांसाठी जी हास्यचित्रे काढली, ती भाषा न जाणणाऱ्यालाही हसवितात, कारण त्यांत भाषा नाहीच. शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठीही त्यांनी चित्रे काढली, आणि आकड्यांना भिणाऱ्या कित्येक मुलांनी ती पुस्तके चित्रांसाठी का होईना, उघडली. अशा चित्रात शेवटच्या चौकटीतील वाक्याचा आधार नसतो. जे सांगावयाचे ते वस्तूंच्या जागेवरून, माणसांच्या उभे राहण्यावरून, एका भुवईवरून सांगावे लागते. निरर्थक रेषा एकही चालत नाही. चित्र जितके साधे दिसते, तितकी त्यामागे पुसलेल्या रेषांची संख्या मोठी असते. साध्या चित्राला वेळ कमी लागतो, ही समजूत म्हणूनच खरी नव्हे.

छपाईची जुनी पद्धत होती, तेव्हा चित्र काढून हातावेगळे झाले तरी ते वाचकापर्यंत पोहोचण्यास आणखी वेळ लागे. चित्राचा फोटो घेऊन त्यावरून जस्ताच्या पत्र्याचा ठसा करावा लागे. त्याला ब्लॉक म्हणत. तो ब्लॉक छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांबरोबर बसवीत. आता ब्लॉक गेले. चित्रकार कागदाऐवजी टॅबलेटच्या काचेवर विशिष्ट लेखणीने रेखाटन करतो आणि पूर्ण झालेले चित्र क्षणार्धात जगभर पाठवितो. शाई वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. चुकलेली रेषा एका स्पर्शाने नाहीशी होते. चौकटी एकदा आखल्या की पुन्हा पुन्हा वापरता येतात.

मग वेळ वाचला का? काही वाचला, पण सगळा चित्रकाराच्या हाती राहिला नाही. शाईची रेषा पुसता येत नसे, म्हणून ती कोठे तरी थांबे. काचेवरची रेषा कितीही वेळा पुसता येते, म्हणून थांबावे कोठे हे कळेनासे होते. पुसता येणे ही सोय खरी, तसाच तो मोहही आहे. शिवाय वृत्तपत्रातील काळ्या-पांढऱ्या चित्राला रंगांची गरज नव्हती. पडद्यावर वाचक रंगांची अपेक्षा करतो, आणि रंग भरण्यास रेखाटनाइतकाच वेळ सहज लागतो. दक्षिण कोरियात मोबाईलवर वरून खाली सरकवीत वाचावयाच्या चित्रकथांचा मोठा प्रसार झाला आहे. त्यांना तेथे 'वेबटून' म्हणतात. त्या बहुधा आठवड्याला एक भाग याप्रमाणे येतात. एका भागात चौकटी पुष्कळ असल्याने अनेक चित्रकार रंग भरण्यासाठी व मागची दृश्ये काढण्यासाठी मदतनीस ठेवतात. कागद गेला, शाई गेली, तरी वाचकाचा 'दुसरी कुठे आहे?' हा प्रश्न गेला नाही.

पराकाष्ठेची घाई केली तर काय होते, याचाही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराने १९९० साली आपल्या एका सावकाश काम करणाऱ्या मित्रापुढे एक विलक्षण आव्हान ठेवले. चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा पूर्ण करावयाची. तिची कल्पना, शब्द, रेखाटन, शाई सर्व काही त्याच चोवीस तासांत, आधीची कसलीही तयारी नाही. मॅक्लाउडने स्वतः ते करून दाखविले आणि मित्रानेही केले. २००४ सालापासून अनेक देशांतील चित्रकार ठरलेल्या एका दिवशी एकत्र जमून हा खेळ खेळू लागले. म्हणजे तासाला एक पान काढणे मनुष्याला अशक्य नाही. मात्र पंचविसाव्या तासाला तो अंथरुणावर आडवा होतो. हे वर्षातून एकदा जमणारे काम आहे, रोजचे नव्हे.

रोजच्या कामाचा भार किती असतो, हे अमेरिकेतीलच दोन थोर चित्रकारांच्या चरित्रांवरून कळते. बिल वॉटरसन यांनी कॅल्विन नावाचा सहा वर्षांचा मुलगा व त्याचा हॉब्स नावाचा कापडी वाघ यांची चित्रमालिका १८ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू केली. ती जगभर लोकप्रिय झाली. त्यांना प्रत्येक चित्र आपल्या मनासारखे व्हावे असे वाटे, आणि रोजची ठरलेली वेळ व वृत्तपत्रातील तोकडी जागा ही दोन्ही बंधने त्यांना जाचू लागली. मध्यंतरी त्यांनी दोनदा सुमारे नऊ-नऊ महिन्यांची विश्रांती घेतली. अखेर ३१ डिसेंबर १९९५ रोजी, मालिका ऐन भरात असताना, त्यांनी ती थांबविली. दहा वर्षांचे काम त्यांनी पुरेसे मानले. पुष्कळ वाचक हळहळले. पण बिघडलेले चित्र देण्यापेक्षा चित्र न देणे त्यांनी पसंत केले, यात त्यांचा वाचकांविषयीचा आदरच दिसतो.

चार्ल्स शुल्झ यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. त्यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वृत्तपत्रांतून सुरू झाली. चार्ली ब्राउन हा सदा हरणारा मुलगा आणि स्नूपी हा त्याचा कुत्रा यांची ही कथा. पुढे ती पंचाहत्तर देशांतील दोन हजार सहाशेंहून अधिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होऊ लागली. एवढा व्याप वाढल्यावर कोणीही मदतनीस नेमले असते. शुल्झ यांनी नेमले नाहीत. कल्पना त्यांची, रेषा त्यांची, फुग्यांतील अक्षरेही त्यांच्याच हातची. आजारपणात किंवा सणासुदीला खंड पडू नये, म्हणून ते काही आठवडे पुढची चित्रे आधीच तयार करून ठेवीत. शेतकरी पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा भरून ठेवतो, तसा हा साठा असे. पण जमविलेला साठा रोज एकाने कमी होई, आणि रोज एक नवे चित्र काढल्याखेरीज तो पूर्वीइतका राहत नसे. जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांनी एकदाच मोठी रजा घेतली; तीही १९९७ साली, पंचाहत्तरी पूर्ण झाल्यानिमित्त, पाच आठवड्यांची.

१९८१ साली त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पुढे हात कापू लागला. चित्रातील सरळ रेषा थरथरलेली येऊ लागली. नीट पाहिले तर त्यांच्या उत्तरकाळातील चित्रांत जमीन, भिंती आणि मुलांचे केसही किंचित हलल्यासारखे दिसतात. ती रेषा दुसऱ्या कोणाकडून सरळ करून घेणे सहज शक्य होते; पण त्यांनी तसे केले नाही. कापऱ्या हाताने चित्र काढावयास वेळ अधिक लागतो. तोही त्यांनी दिला.

१९९९ च्या नोव्हेंबरात ते गंभीर आजारी पडले आणि डिसेंबरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तोपर्यंत त्यांच्या चित्रपट्ट्यांची संख्या १७,८९७ झाली होती. एका पट्टीला दहा सेकंद धरले आणि एखादा वाचक झोप, जेवण सोडून सगळ्या पट्ट्या सलग वाचीत बसला, तर त्याला सुमारे पन्नास तास लागतील. काढणाऱ्याला जवळजवळ पन्नास वर्षे लागली होती.

अखेरचे रविवारचे चित्र १३ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध व्हावयाचे होते. अंक छापले जात होते, त्या रात्री, १२ फेब्रुवारीस, शुल्झ यांचे निधन झाले. सकाळी वाचकांना निरोपाचे चित्र आणि निधनाची वार्ता एकाच वेळी मिळाली. आपल्यामागे दुसऱ्या कोणी ही मालिका काढू नये, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. त्यामुळे नवी चित्रे निघाली नाहीत. जुनीच पुन्हा पुन्हा छापली जात आहेत. शुल्झ हयात असताना जी जन्मलीही नव्हती, अशी मुले ती चित्रे पाहतात, हसतात आणि पान उलटतात.